पासपोर्ट एक, मागणारे पाच: चीनमधल्या विद्यापीठातले पहिले ३० दिवस

चीनमध्ये उतरल्यावर पहिल्या महिन्यात तुमचा पासपोर्ट निदान पाच ठिकाणी मागितला जातो: वसतिगृहाच्या काउंटरवर, मोबाइलच्या दुकानात, बँकेत, आरोग्य तपासणी केंद्रात आणि परदेशी नागरिकांचे परवाने देणाऱ्या पोलिसांच्या कार्यालयात. पहिले चार जण पासपोर्ट बघून, झेरॉक्स काढून परत देतात. पाचवे कार्यालय तो ठेवून घेते आणि परत मिळायला १५ कामाचे दिवससुद्धा लागतात. तोवर सिम आणि बँक खाते झालेले नसेल, तर फोन नाही, फोन नाही म्हणून खाते नाही, खाते नाही म्हणून मेसमध्ये पैसे भरता येत नाहीत, अशी साखळी लागते. कागद पूर्ण असूनही मुले अडकतात ती इथेच. म्हणून काय करायचे याच्याइतकेच ते कोणत्या क्रमाने करायचे हे आधी डोक्यात पक्के करा.

सोलापुरातून निघण्याआधी

१८० दिवसांपेक्षा जास्त शिकायचे असेल तर एक्स-१ व्हिसा लागतो, त्याहून कमी असेल तर एक्स-२. सोबत विद्यापीठाचे मूळ प्रवेशपत्र आणि व्हिसासाठीचा सरकारी फॉर्म असतो: शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांचा जेडब्ल्यू २०१, स्वखर्चाने जाणाऱ्यांचा जेडब्ल्यू २०२. महाराष्ट्रातल्या अर्जदारांचे व्हिसाचे काम मुंबईत होते. हे कागद आले की पहिली गोष्ट करायची ती नाव तपासण्याची. आपल्याकडे पासपोर्टवर आडनाव वेगळे आणि स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र असते. प्रवेशपत्रावर वडिलांचे नाव गाळलेले असेल किंवा दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या स्पेलिंगप्रमाणे नाव लिहिले असेल, तर इथे असतानाच ईमेल करून दुरुस्त करून घ्या. तिथे प्रत्येक खिडकीवर संगणक एकेक अक्षर जुळवतो, आणि एका अक्षराचा फरक तोंडी समजावून भागत नाही. पासपोर्टवरच चूक असेल तर सोलापूर पुणे पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येते, त्या कामाला वेळ लागतो हे धरून चाला.

आरोग्य तपासणीचा ठरावीक फॉर्म असतो. रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, ईसीजी असे सगळे त्यात येते. त्या फॉर्मवर डॉक्टरांची सही, रुग्णालयाचा शिक्का आणि फोटोवर अर्धा येईल असा शिक्का, या तिन्ही गोष्टी लागतात. फोटोवर शिक्का नसेल तर फॉर्म बाद. आपल्याकडे शिक्का सहीशेजारी मारायची पद्धत आहे, त्यामुळे काउंटर सोडण्यापूर्वी स्वतः बघून घ्या. हा अहवाल ६ महिने चालतो, म्हणून तो फार आधी काढून ठेवू नका. मूळ अहवाल आणि एक्स-रे फिल्म हातातल्या बॅगेत ठेवा. तिथल्या केंद्राने हे कागद मान्य केले तर पूर्ण तपासणी पुन्हा करावी लागत नाही. मान्य केले नाहीत तर सगळी पुन्हा होते, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

गुणपत्रिका आणि पोलीस पडताळणी प्रमाणपत्राचे साक्षांकन कोणत्या पातळीपर्यंत हवे, हे एजंटाला विचारू नका. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा आणि त्यांचे उत्तर छापून ठेवा. प्रत्येक कागदाच्या चार झेरॉक्स घ्या, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे १२ फोटो, ३३ बाय ४८ मिलिमीटर मापाचे. फोटो काढताना पांढरा शर्ट घालू नका. पांढऱ्यावर पांढरा दिसला की तिथले यंत्र फोटो नाकारते.

पैशांचे तीन भाग करा. फी बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यात पाठवा. पाठवताना मधल्या बँकांचे शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे, हा पर्याय निवडा, नाहीतर तिकडे थोडी रक्कम कमी पोहोचते आणि फी अपुरी म्हणून नोंदणी अडते. दुसरा भाग रोख. भारतातून एका प्रवासात ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंतचे परकीय चलन नोटांमध्ये नेता येते, आणि चीनमध्ये ५,००० डॉलरहून अधिक रोख असेल तर कस्टमला सांगावे लागते. पहिल्या महिन्यासाठी ४,००० ते ५,००० युआन होतील एवढी रोख पुरेशी आहे. एक युआन म्हणजे साधारण १२-१३ रुपयांच्या आसपास धरा. तिसरा भाग व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीच्या बँक कार्डावर. भारतीय कार्डावर परदेशातला वापर मुळात बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून चालू करावा लागतो. दुकानातला, ऑनलाइन आणि एटीएमचा वापर असे तीन वेगवेगळे खटके असतात. तिन्ही चालू करा. तिकडच्या टपरीवर आपले यूपीआय चालेल, असे गृहीत धरू नका.

भारतीय सिम बंद पडू देऊ नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येणार. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करा आणि आठ-दहा दिवसांचा डेटा पॅक घ्या. याचा दुसरा फायदा मोठा आहे. चीनमध्ये गुगल, जीमेल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम चालत नाही, पण भारतीय सिमच्या रोमिंगचा डेटा भारतीय कंपनीमार्फत जातो, त्यामुळे त्यावर व्हॉट्सॲप चालते. पहिल्या आठवड्यात घरच्यांशी बोलायचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. उलट वीचॅट, म्हणजे चीनमध्ये संदेश पाठवायचे आणि पैसे द्यायचे ॲप, आपल्याकडे २९ जून २०२० पासून बंद आहे. ते इथेच चालू करण्याच्या खटपटीत वेळ घालवू नका. विद्यापीठाला दिलेला ईमेल जीमेलचा असेल तर आउटलुकसारखा दुसरा काढून तोही कळवा. प्रवेशपत्र, पत्ता, तिकीट, विम्याचा कागद, असे सगळे गुगल ड्राइव्हवर ठेवून निर्धास्त राहू नका. उतरल्यावर ते उघडणार नाही. फोनमध्येच उतरवून घ्या आणि एक संच कागदावर ठेवा.

बॅगेत काय, आणि काय अजिबात नाही

सोलापूरची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी या दोन गोष्टी अशा प्रवासासाठीच केल्यासारख्या आहेत. दोन्हींत पाणी नाही, दोन्ही टिकतात. चटणीला तेल सुटते, म्हणून आधी प्लास्टिकच्या जाड पिशवीत आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. कडक भाकरी कपड्यांमध्ये ठेवली तर पोहोचेपर्यंत चुरा होतो. स्टीलच्या रुंद डब्यात, मध्ये कागद घालून, वर फट राहणार नाही अशी भरा.

तूप, पेढे, खवा, पनीर नेऊ नका. दूध, दुधाचे पदार्थ, मांस, अंडी, ताजी फळे-भाज्या आणि बियाणे प्रवाशांनी आणायला चीनच्या कस्टमची बंदी आहे. त्यामुळे मटकी, हरभरा, ज्वारीचे दाणे, असे पेरले तर उगवेल ते काहीही बॅगेत नको. आईने कढीपत्त्याच्या चार ताज्या डहाळ्या घातल्या असतील तर त्याही काढा.

खसखशीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण घरच्या काळ्या मसाल्यात ती असते आणि ती आहे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. चीनमध्ये ते मसाला म्हणून वापरायला मनाई आहे. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्येही खसखशीवर बंदी आहे, आणि विमान तिथे बदलणार असेल तर धोका वाटेतच. मसाला घरी कुटणार असाल तर खसखस वगळून वेगळा कुटा. विकतचा असेल तर पाकिटावरचे घटक वाचा. औषधे मूळ स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. कोडीन असलेले खोकल्याचे औषध नेऊ नका.

पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, हे बहुतेकांना माहीत असते. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत तिकडचे ३-सी हे प्रमाणचिन्ह नसलेली पॉवर बँक चालत नाही. मुंबईहून ग्वांगझू किंवा शांघायपर्यंत ती पोहोचेल, पण तिथून पुढच्या शहराचे विमान पकडताना तपासणीत काढून घेतली जाईल. पुढे रेल्वेने जाणार असाल तर हा प्रश्न नाही. वीज जवळपास आपल्यासारखीच, २२० व्होल्टची आहे, पण सॉकेट वेगळे. आपली तीन गोल पिनांची वायर त्यात बसत नाही. चपट्या पिनांचे दोन ॲडॉप्टर न्या. पाणी तापवायचा रॉड आणि शेगडी नेऊ नका. वसतिगृहात जास्त वॅटची उपकरणे मना असतात, लावली की खोलीची वीज जाते आणि उपकरण जप्त होते.

सोलापुरी चादर जरूर न्या. पहिल्या रात्री वसतिगृहाच्या पलंगावर नुसती फळी किंवा पातळ गादी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि अंथरूण विकत घेईपर्यंत दुकाने बंद झालेली असतात. एक चादर खाली, एक अंगावर, एक टॉवेल, एवढ्यावर ती रात्र निभते. थंडीसाठी मात्र चादरीवर विसंबू नका. बीजिंगसारख्या उत्तरेच्या शहरांत घरोघर गरम पाण्याच्या नळ्यांची ऊब असते आणि ती साधारण १५ नोव्हेंबरला सुरू होऊन १५ मार्चला बंद होते. मधल्या आणि दक्षिणेकडच्या शहरांत अशी सार्वजनिक सोय नाही, त्यामुळे वुहान किंवा नानजिंगमध्ये पारा बीजिंगपेक्षा वर असूनही खोलीत जास्त गारठा वाटतो. चाळीस अंशांच्या उन्हात वाढलेल्या शरीराला हे जड जाते. जाड रजई आणि जॅकेट तिथेच घ्या. तिथल्या थंडीला पुरेल असा माल तिथेच मिळतो आणि विमानातले किलोही वाचतात.

उतरण्याचा दिवस

तिकीट काढण्यापूर्वी दोन पत्ते पडताळा. एक, विमानतळ. बीजिंग, शांघाय आणि चंगदू या प्रत्येक शहरात दोन-दोन विमानतळ आहेत. दोन, तुमचा परिसर. चीनमधल्या बऱ्याच विद्यापीठांचे जुने आवार शहरात आणि नवे आवार दूर उपनगरात असते. नुसते विद्यापीठाचे नाव सांगितले तर टॅक्सीवाला प्रसिद्ध, म्हणजे जुन्या, दारात सोडतो आणि नोंदणी दुसरीकडेच असते. आवाराच्या नावासह पूर्ण पत्ता चिनी लिपीत, मोठ्या अक्षरांत कागदावर छापून घ्या. इंग्रजी पत्ता ड्रायव्हरला वाचता येत नाही.

दुपारपर्यंत उतरेल असे विमान निवडा. वसतिगृहाचे काउंटर रात्री बंद होते, आवाराचे दारही. घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि साऱ्या देशात एकच वेळ चालते. सोलापुरात रात्रीचे ९ वाजले की तिथे साडेअकरा. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ‘पोरगं फोन का उचलत नाही’ म्हणून जीव टांगणीला लागणार नाही. सोलापूरहून मुंबईला रात्रीच्या सिद्धेश्वरने जाणार असाल, तर विमान त्याच सकाळचे ठेवू नका. गाडी दोन तास रखडली की सगळे कोसळते. संध्याकाळचे किंवा रात्रीचे धरा.

इमिग्रेशनला आगमनपत्रक भरावे लागते, बोटांचे ठसे घेतले जातात. पत्रकात चीनमधला पत्ता आणि फोन विचारतात, तिथे विद्यापीठाच्या कार्यालयाचा नंबर द्या. पुढे बाहेर पडल्यावर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत मागे लागणाऱ्यांना टाळून अधिकृत रांगेत उभे राहा आणि मीटर चालू झाल्याचे बघा.

पहिले २४ तास

चीनच्या कायद्यानुसार हॉटेलबाहेर राहणाऱ्या परदेशी माणसाने पोहोचल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे राहण्याची नोंद करायची असते. केली नाही तर ताकीद मिळते किंवा २,००० युआनपर्यंत दंड होतो. वसतिगृहात राहणाऱ्यांची नोंद बहुधा तिथले कार्यालय करते, पण ‘झाली’ एवढ्यावर समाधान मानू नका. नोंदीची छापील चिठ्ठी मागून घ्या. पुढच्या प्रत्येक कामाला ती लागते. पहिली रात्र हॉटेलात काढली असेल तर हॉटेल आपली नोंद करते, पण वसतिगृहात गेल्यावर नवी नोंद करावी लागते, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बाहेर भाड्याने राहणार असाल तर घरमालकाचे कागद आणि भाडेकरार घेऊन जवळच्या पोलीस चौकीत, ‘फाय-छू-स्वो’मध्ये, स्वतः जा. पुढे सुट्टीत गावाला किंवा भारतात जाऊन आलात तर पुन्हा नोंद करायची का, ते वसतिगृहाच्या कार्यालयात त्याच दिवशी विचारा.

मग सिम, मग वीचॅट, मग बँक

दुसऱ्या दिवशी सकाळी सिम घ्या. चायना मोबाइल, चायना युनिकॉम आणि चायना टेलिकॉम अशा तीन मोठ्या कंपन्या आहेत. आवारात नवीन विद्यार्थ्यांसाठी त्यांची टेबले लागलेली असतात, योजना स्वस्त असतात. मूळ पासपोर्ट लागतो आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. महिन्याचे भाडे किती, आणि कराराची मुदत किती, एवढे दोन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका.

नंबर मिळाला की वीचॅट. नवीन खाते उघडताना जुन्या वापरकर्त्याने कोड स्कॅन करून साक्ष द्यावी लागते. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याला किंवा कार्यालयातल्या मदतनीसाला विचारा. नव्याने उघडलेल्यांची साक्ष चालत नाही, त्यामुळे शेजारचा नवा मित्र इथे कामाचा नाही. खाते उघडल्या दिवशीच शंभर जणांना जोडायला गेलात तर यंत्रणा संशयाने ते बंद करते. आधी वर्गाचा गट, वसतिगृहाचा गट आणि सल्लागार शिक्षक, एवढेच. या शिक्षकांना ‘फू-ताव-युएन’ म्हणतात. तासांचे वेळापत्रक, वैद्यकीय तपासणीची तारीख, फीची मुदत, सगळे या गटातच येते. सूचना फलकावर लागेल किंवा ईमेल येईल अशी वाट बघणाऱ्याची तारीख हुकते.

भारतातून नेलेल्या अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअर उघडत नाही, तेव्हा ॲप त्या-त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवा. कोणी पाठवलेली फाइल टाकू नका. परवाना नसलेले व्हीपीएन, म्हणजे बंद संकेतस्थळे उघडून देणारे ॲप, वापरणे तिथल्या नियमांत बसत नाही, हेही लक्षात असू द्या. रोमिंग संपल्यावर घरी बोलायला मायक्रोसॉफ्ट टीम्स चालते, दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइमही.

बँक खाते पासपोर्ट हातात असतानाच उघडा. काही शाखा निवास परवाना असल्याशिवाय उघडत नाहीत. तसे असेल तर विद्यापीठाचे जिच्याशी काम चालते त्या शाखेत, कार्यालयाचे पत्र घेऊन जा. तिथे करओळख क्रमांक विचारतात, आपला पॅन नंबर द्या. खाते झाल्यावर बँकेने तुमचे नाव कोणत्या क्रमाने आणि कुठे जागा सोडून टंकले आहे, ते पावतीवरून टिपून घ्या. अलीपे (फोनवरून पैसे द्यायचे ॲप) आणि वीचॅटमध्ये कार्ड जोडताना नाव अगदी तसेच लिहावे लागते. बँकेने ‘पाटील’ आधी आणि नाव मागे टाकले असेल, आणि तुम्ही उलट लिहिले, तर ॲप ‘माहिती जुळत नाही’ एवढेच सांगते. का जुळत नाही ते सांगत नाही. तीन-चारदा चुकले की दिवसभरासाठी बंद.

तोपर्यंत भारतातले व्हिसा किंवा मास्टरकार्ड अलीपेला जोडून दुकानात देणी देता येतात. एका वेळी २०० युआनपर्यंत जादा शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के लागते. या जोडलेल्या विदेशी कार्डावरून मित्राला पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा जवळ ठेवा. दुकानदार रोख घेतात, पण शंभरच्या नोटेला सुटे नसतात.

निवास परवाना: इथे उशीर चालत नाही

एक्स-१ व्हिसा म्हणजे फक्त आत येण्याची परवानगी. आत आल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. हे ३० दिवस कॅलेंडरचे आहेत, कामाचे नव्हेत. सप्टेंबरच्या सुरुवातीला पोहोचलेल्यांपुढे १ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी येते आणि सरकारी खिडक्या त्या आठवड्यात बंद असतात. त्यामुळे मनात मुदत ३० दिवसांची न धरता २० दिवसांची धरा. मुदत उलटली तर दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १०,००० युआन दंड, आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडीची तरतूद कायद्यात आहे.

आधी आरोग्य तपासणी. रात्रीपासून उपाशी, सकाळी लवकर जा. रक्त आणि पोटाची सोनोग्राफी दोन्ही असतात, चहासुद्धा घेऊ नका. अहवालाला काही दिवस लागतात. तो हाती आला की पासपोर्ट, प्रवेशपत्र, जेडब्ल्यू २०१ किंवा २०२, विद्यापीठाचे पत्र, राहण्याच्या नोंदीची चिठ्ठी आणि फोटो घेऊन अर्ज. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या परवान्याला ४०० युआन, एक ते तीन वर्षांच्या परवान्याला ८०० युआन. विद्यार्थ्यांचा सक्तीचा विमा वेगळा, तो बहुतेक ठिकाणी वर्षाला ८०० युआनचा असतो आणि त्याशिवाय नोंदणी पुढे सरकत नाही. दुपारी जेवणाच्या वेळी कार्यालये दीड-दोन तास बंद असतात, सकाळची रांग धरा.

पासपोर्ट जमा केल्यावर तुमचा फोटो असलेली पावती मिळते. तिच्यावर देशातल्या देशात रेल्वेने जाता येते, देशाबाहेर नाही. अर्ज करण्यापूर्वी ‘दोन दिवस हाँगकाँग बघून येऊ’ हा बेत चुकूनही करू नका. एक्स-१ सहसा एकदाच प्रवेश देतो. बाहेर पडलात की तो संपला, आणि परत यायला नवा व्हिसा. परवाना हातात आला की खिडकीवरच नाव, पासपोर्ट क्रमांक आणि शेवटची तारीख वाचा. मुदतवाढीचा अर्ज परवाना संपण्याच्या ३० दिवस आधी करायचा असतो, ती तारीख आजच फोनमध्ये टाका. आणि परवानगीशिवाय शिकवणी, दुकानात मदत, असे कोणतेही पैशाचे काम घेऊ नका. बेकायदा कामाचा दंड ५,००० ते २०,००० युआन आहे.

याच काळात भारतीय दूतावासाकडे, किंवा शहर शांघाय-ग्वांगझूच्या बाजूचे असेल तर तिथल्या वाणिज्य दूतावासाकडे, विद्यार्थी म्हणून नाव नोंदवा.

मेस आणि पोट

नळाचे पाणी पिऊ नका. मजल्यावर उकळत्या पाण्याचे यंत्र असते, त्यासाठी थर्मास घ्या. सगळे जण थर्मास हातात धरूनच फिरतात.

मेसमध्ये १० ते २० युआनमध्ये पोट भरते. शाकाहारी माणसाची पंचाईत अशी की भाजी म्हणून ठेवलेल्या पदार्थातही मांसाचा खिमा किंवा डुकराची चरबी असते. नुसते ‘रौ’ म्हटले तर डुकराचे मांस समजायचे. गाईचे ‘न्यौ-रौ’. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण मग खिमा, चरबी आणि सूप चालेल असे समोरचा समजतो. ‘मांस, मासे, अंडे, प्राण्याची चरबी आणि मांसाचा रस्सा, यातले काहीही खात नाही’, असे एखाद्या चिनी वर्गमित्राकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती दाखवा. ‘छिंग-चन’ पाटीची मेस हलाल असते. तिथे डुकराचे मांस नक्की नसते, पण गोमांस असते. गोमांस न खाणाऱ्यांनी तिला आपोआप सुरक्षित समजू नये. बटाट्याचा बारीक कीस परतून केलेला ‘थू-तौ-स’, वाफवलेला ‘मान-थौ’ पाव आणि सोयाबीनचे दूध ‘तौ-च्यांग’ हे तीन पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. शेंगाची चटणी आणि मान-थौ, एवढ्यावर पहिले काही दिवस जातात.

बाजारात भाव ‘चिन’ला सांगतात. एक चिन म्हणजे अर्धा किलो. पाटीवर ५ लिहिले असेल तर किलोला १० पडतात. आकडे एका हाताच्या बोटांनी दाखवतात: अंगठा आणि करंगळी म्हणजे ६, अंगठा आणि तर्जनी म्हणजे ८.

भाषा: मराठी माणसाची जमेची बाजू

इथे थोडे थांबायला हवे, कारण ही गोष्ट क्लासमध्ये क्वचितच सांगतात. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहितात आणि आपण ती इंग्रजीसारखी वाचतो. तिथेच चूक होते. त्यातला ‘बी’ म्हणजे ब नव्हे, प. ‘पी’ म्हणजे फ, पण ओठ मिटून, ‘फळ’मधला. ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ. ‘जी’ म्हणजे क, ‘के’ म्हणजे ख. प-फ, त-थ, क-ख हा अल्पप्राण-महाप्राण भेद इंग्रजी बोलणाऱ्याला महिनोन्महिने जमत नाही. आपण तो बालवाडीत पाठ केलेला असतो. म्हणून शब्द रोमनमध्ये न लिहिता पहिल्या दिवसापासून वहीत देवनागरीत उतरवा: पेइ-चिंग, नी हाव, श्ये-श्ये.

त्याहून मोठी मौज पुढे आहे. मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चहा’मधला आणि ‘चमचा’मधला. रोमनमध्ये ‘जे’ लिहिला असेल तर चहातला च, ‘झेड’ लिहिला असेल तर चमच्यातला च. हिंदी बोलणाऱ्याला हा दुसरा च मुद्दाम शिकावा लागतो. ‘झेड-एच’ असेल तर जीभ ‘ट’च्या जागी मागे वळवून च म्हणा. राहिले सूर. एकच ‘मा’ चार सुरांत म्हटला की आई, ताग, घोडा आणि रागावणे असे चार अर्थ होतात. त्याला मात्र सराव हाच उपाय. शब्द पाठ करताना सूर हाताने वर-खाली दाखवत म्हणा. ‘थिंग पु तुंग’ म्हणजे ‘ऐकून कळले नाही’, हे वाक्य आधी शिका.

पहिल्या तासाला ओळख करून द्यायला सांगतात. सोलापूर कुठे हे कोणालाच ठाऊक नसते, पण ‘ख ती-ह्वा’ हे नाव शिक्षकांना ठाऊक असते. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे ते चिनी नाव. १९१० साली सोलापुरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. शिजियाझुआंगमध्ये त्यांची समाधी आहे, भैय्या चौकातले त्यांचे घर आपल्याकडे स्मारक झाले आहे. निघण्यापूर्वी तिथे एकदा जाऊन या. ‘मी ख ती-ह्वांच्या गावचा’ असे चिनीत म्हणता आले की पुढची ओळख आपोआप होते.

एमबीबीएसला जाणाऱ्यांनी भाषेकडे दुसऱ्या कारणानेही बघावे. वर्ग इंग्रजीत असले तरी रुग्ण चिनीच बोलतो, आणि इंटर्नशिपला भाषा अडली की शिकणे अडते. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. नोंदणीच्या दिवशी मिळणाऱ्या कागदावर या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते बघा, नसतील तर कार्यालयाकडून पहिल्याच आठवड्यात लेखी घ्या.

भिंतीवर लावायचे नंबर

पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०, अग्निशमन ११९. व्हिसा-परवान्याच्या शंकांसाठी १२३६७, इथे इंग्रजीतही उत्तर मिळते. वसतिगृहाचा आणि फू-ताव-युएनचा नंबर त्यांच्याच खाली लिहा, शेजारी खोलीचा पत्ता चिनी लिपीत. रुग्णवाहिका बोलावताना पहिला प्रश्न पत्त्याचा येतो.